सी भाषेतील फाईल-व्यवहार

संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर किंवा तत्सम टिकाऊ माध्यमावर नावानिशी साठविलेल्या माहितीच्या संचाला ‘फाईल’ म्हणतात आणि अशा असंख्य फायलींची नावे, जागा, आकारमान, मालकी इ. गोष्टींची नोंद ठेवणाऱ्या योजनेला ‘फाईलव्यवस्था’ म्हणतात. फाइलीशी होणारा प्रत्यक्ष व्यवहार परिचालन प्रणाली म्हणजे संगणकाची सर्व साधनसामग्री ताब्यात ठेवणारी मूळ यंत्रणा पार पाडते. आज्ञावली लिहिणारा मात्र सामान्यतः या यंत्रणेशी थेट संबंध ठेवीत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर नेहमी लागणाऱ्या कामांची तयार फंक्शने एकत्र करून दिलेली असतात. या संग्रहाला त्या भाषेची प्रमाण लायब्ररी म्हणतात. फाईल उघडणे, वाचणे, लिहिणे व बंद करणे ही कामे आज्ञावली या लायब्ररीमार्फत करवून घेते.

सी भाषेची लायब्ररी १९७०–८० या दशकात अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत आकारास आली. नंतरच्या अनेक भाषांनी तिची रचना कमीअधिक फरकाने उचलली असल्यामुळे तिच्या इतिहासाला एका भाषेपलीकडचे महत्त्व आहे. यंत्राचा कोणता तपशील आज्ञावली लिहिणाऱ्यापासून झाकावा आणि कोणता उघडा ठेवावा, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. तपशील झाकल्यामुळे आज्ञावल्या सोप्या झाल्या आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागल्या. परंतु झाकलेल्या तपशिलाचे भान न राहिल्यामुळे लोकांची माहिती नष्ट होण्याचे किंवा परक्याच्या हाती जाण्याचे प्रसंगही घडले.

पूर्वपीठिका : जॉन बॅकस (१९२४–२००७) व त्यांचे सहकारी यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेली फोर्ट्रान भाषा १९५७ मध्ये वापरात आली. तीत आदान-प्रदानाची कामे भाषेच्या व्याकरणातच समाविष्ट होती. कार्ड वाचणे, कार्डावर छिद्रे पाडणे, चुंबकीय फीत वाचणे, फीत गुंडाळून आरंभी आणणे, एक नोंद मागे सरकविणे व चुंबकीय ड्रमवर लिहिणे यांसाठी स्वतंत्र विधाने होती. साहजिकच आज्ञावली लिहिणाऱ्याला आपली माहिती कोणत्या साधनावर आहे, याची जाणीव सतत ठेवावी लागे. १९५९-६० मध्ये व्यापारी कामकाजासाठी तयार झालेल्या कोबॉल भाषेत फाइलीचे वर्णन आज्ञावलीच्या एका वेगळ्या विभागात देण्याची पद्धत होती. फाईल ही ठराविक लांबीच्या व ठराविक घडणीच्या नोंदींची माळ आहे, ही कल्पना कोबॉलच्या मुळाशी होती. ऐंशी स्तंभांच्या छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यावरून ती सहज सुचण्याजोगी होती.

याच सुमारास यूरोप व अमेरिका येथील तज्ञांनी सिद्ध केलेल्या अल्गॉल ६० या भाषेने अगदी उलट मार्ग स्वीकारला. तिच्या अधिकृत व्याख्येत आदान-प्रदानाचा समावेशच नव्हता. निरनिराळ्या यंत्रांची साधने इतकी भिन्न होती की, त्यांवर सर्वमान्य व्याख्या देणे कठीण होते. परिणामी प्रत्येक संगणक-निर्मात्याने आपापली पद्धत बसविली आणि एका यंत्रावरील अल्गॉल आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेताना आदान-प्रदानाचा भाग नव्याने लिहावा लागे. केंब्रिज विद्यापीठाचे मार्टिन रिचर्ड्‌स यांनी १९६७ मध्ये तयार केलेल्या बीसीपीएल भाषेने मधला मार्ग काढला. तीत आदान-प्रदान व्याकरणात नव्हते. पण त्यासाठी लायब्ररीतील फंक्शने दिलेली होती. सी भाषेने हीच परंपरा पुढे चालविली.

युनिक्स प्रणालीतील फाईल : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक कंपनी व बेल लॅबोरेटरीज यांनी मल्टिक्स नावाची परिचालन प्रणाली संयुक्तपणे हाती घेतली होती. तिच्या फाईलव्यवस्थेची रूपरेषा रॉबर्ट डेली व पीटर नॉयमान यांनी १९६५ मधील एका निबंधात मांडली. एका मूळ निर्देशिकेपासून (आज सामान्यतः फोल्डर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फायलींच्या यादीपासून) शाखा-उपशाखा फुटत जाणारी वृक्षासारखी रचना हे तिचे वैशिष्ट्य होते. बेल लॅबोरेटरीज १९६९ मध्ये या प्रकल्पातून बाहेर पडली. त्यानंतर तेथील केनेथ टॉम्पसन (१९४३–    ) व डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी पीडीपी-७ या लहानशा संगणकावर युनिक्स प्रणालीची उभारणी सुरू केली. टॉम्पसन यांनी बीसीपीएलवरून बी ही भाषा तयार केली होती. तीवरून रिची यांनी १९७१–७३ या काळात सी भाषा विकसित केली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिण्यात आला.

रिची व टॉम्पसन यांनी युनिक्सची माहिती देणारा निबंध जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मांडलेली फाइलीची कल्पना पूर्वीच्या कल्पनेपेक्षा मूलतः वेगळी होती. युनिक्समध्ये फाईल म्हणजे केवळ बाइटांची एक ओळ होय. नोंदीची लांबी, स्तंभ किंवा अन्य कोणतीही अंतर्गत घडण प्रणाली गृहीत धरीत नाही. ती घडण लावणे हे फाईल वापरणाऱ्या आज्ञावलीचे काम असते. लेखी मजकुरातील ओळसुद्धा प्रणालीच्या दृष्टीने वेगळी नसते. ओळीच्या शेवटी ‘नवी ओळ’ दर्शविणारा एक बाइट असतो, एवढेच. छपाईयंत्र, टंकमुद्रक यांसारखी साधनेही निर्देशिकेत फायली म्हणून दाखविली जात आणि फायलींप्रमाणेच वाचली-लिहिली जात.

या कल्पनेमुळे सिस्टिम कॉलची म्हणजे गाभ्याकडे करावयाच्या विनंत्यांची संख्या फार थोडी पुरली. फाईल उघडली की, गाभा एक लहानसा पूर्णांक परत देई व पुढील सर्व व्यवहार त्या क्रमांकाने होई. बाइट वाचणे, लिहिणे, फाइलीतील स्थान बदलणे व फाईल बंद करणे या विनंत्यांवर जवळजवळ सर्व काम भागे. मात्र यंत्राचा तपशील येथेही पूर्णपणे झाकला गेला नव्हता. पीडीपी-११ या संगणकाचा पूर्णांक सोळा बिटांचा असल्यामुळे स्थान बदलण्याच्या ‘सीक’ या विनंतीला दूरचे स्थान बाइटांत सांगता येत नसे. ते ५१२ बाइटांच्या गटांत मोजून द्यावे लागे. १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘एलसीक’ हा लांब पूर्णांक घेणारा सिस्टिम कॉल आला व ही अडचण काही काळ दूर झाली. त्याच्या नावातील ‘एल’ हे अक्षर या बदलाची खूण म्हणून टिकून राहिले आहे.

प्रमाण आदान-प्रदान लायब्ररी : सी भाषेच्या व्याकरणात वाचण्या-लिहिण्याचे एकही विधान नाही. बेल लॅबोरेटरीजमधील मायकेल लेस्क यांनी सु. १९७२ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगा आदान-प्रदानाचा फंक्शनसंग्रह लिहिला. त्याची फेररचना होऊन प्रमाण आदान-प्रदान लायब्ररी तयार झाली व ती युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर सर्वत्र पोहोचली. ब्रायन कर्निगन व रिची यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सी भाषेच्या ग्रंथात या लायब्ररीला स्वतंत्र प्रकरण दिलेले होते. पुढील प्रकरणात युनिक्सच्या सिस्टिम कॉलवरून ‘एफओपन’ व ‘गेटसी’ ही फंक्शने कशी बांधता येतात, हेही दाखविले होते. लायब्ररी ही भाषेच्याच साधनांनी लिहिलेली साधी आज्ञावली असून तिच्यात गूढ असे काही नाही, हे त्यावरून वाचकाला पटत असे.

या लायब्ररीतील मध्यवर्ती कल्पना बफरची होय. गाभ्याकडे विनंती करणे हे साध्या फंक्शनपेक्षा पुष्कळ खर्चिक असते. ५१,२०० बाइटांची फाईल एकेक बाइट मागून वाचावयाची, तर गाभ्याकडे तितक्याच वेळा जावे लागेल. त्याऐवजी लायब्ररी ५१२ बाइटांचा साठा एकदम मागवून स्मृतीतील एका राखीव जागेत म्हणजे बफरमध्ये ठेवते व आज्ञावलीला त्यातून एकेक बाइट देते. अशा रीतीने तेच काम शंभर विनंत्यांत होते. प्रत्येक उघड्या फाइलीसाठी लायब्ररी एक लहान नोंद ठेवते. पुढचा बाइट कोठे आहे, बफरमध्ये किती बाइट उरले आहेत, बफर स्मृतीत कोठे सुरू होतो, फाईल कोणत्या कामासाठी उघडली आहे आणि गाभ्याने दिलेला क्रमांक कोणता, या पाच गोष्टी कर्निगन-रिची यांच्या ग्रंथातील नोंदीत होत्या. आज्ञावली लिहिणाऱ्याला त्यांतील एकही माहीत असण्याची गरज नसे. त्याच्या हाती केवळ नोंदीचा पत्ता असे.

बाइट देणारे ‘गेटसी’ हे फंक्शन फाइलीचा शेवट कळविण्यासाठी सामान्यतः ऋण एक (–१) ही संख्या परत देते. बाइटाची मूल्ये ० ते २५५ अशी २५६ असल्यामुळे शेवटाची खूण त्यांहून निराळी असावी लागते. म्हणून या फंक्शनचे उत्तर एका बाइटात न मावणारा पूर्णांक असते. ते उत्तर एका बाइटाच्या चलात साठविल्यास काही यंत्रांवर २५५ हा बाइट आढळताच फाईल संपली असे समजले जाते, तर काहींवर शेवट कधीच ओळखला जात नाही. नवशिक्यांच्या हातून ही चूक वारंवार होते.

लिहितानाही बफर वापरला जातो व तेथे त्याचे परिणाम अधिक गंभीर असतात. लिहिण्याचे फंक्शन यशस्वी झाले, याचा अर्थ मजकूर बफरमध्ये जाऊन पडला एवढाच असतो. बफर भरल्यावर, फाईल बंद केल्यावर किंवा ‘एफफ्लश’ हे फंक्शन मुद्दाम वापरल्यावरच तो गाभ्याकडे जातो. दरम्यान आज्ञावली अनपेक्षितपणे बंद पडली, तर ‘लिहिलेला’ मजकूर नाहीसा होतो. याच कारणास्तव त्रुटी कळविणारा प्रवाह सामान्यतः बफरविना ठेवतात. फाईल बंद करण्याच्या वेळी मिळणारे उत्तर तपासणे अनेकांना अनावश्यक वाटते. पण तबकडी भरल्यामुळे शेवटचा साठा लिहिला गेला नाही, हे कळण्याची बहुधा तीच अखेरची संधी असते.

प्रमाणीकरण : १९८० च्या सुमारास सी भाषा युनिक्सबाहेर पसरू लागली आणि फाईल म्हणजे बाइटांची ओळ हे गृहीत अन्य प्रणालींना लागू पडेना. मोठ्या आयबीएम संगणकांवर नोंदींची परंपरा कायम होती. गॅरी किल्डॉल (१९४२–९४) यांच्या सीपी/एम प्रणालीत फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या गटांत मोजली जाई. त्यामुळे मजकूर नेमका कोठे संपला हे दाखविण्यासाठी २६ हा संकेतांक शेवटी घालण्याची प्रथा पडली. ओळीचा शेवटही तेथे दोन बाइटांनी दर्शविला जाई. एमएस-डॉस (१९८१) या प्रणालीत या दोन्ही प्रथा आल्या. एमएस-डॉसच्या १९८३ मधील दुसऱ्या प्रमुख आवृत्तीत युनिक्सच्या धर्तीवर शाखायुक्त निर्देशिका आल्या, परंतु मार्गातील नावे विभागण्यासाठी युनिक्सच्या तिरप्या रेघेऐवजी उलटी तिरपी रेघ योजण्यात आली.

अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्थेने १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने या सर्व प्रणालींना सामावून घेणारे मानक तयार केले. ते डिसेंबर १९८९ मध्ये संमत झाले व १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्यात प्रवाहाचे दोन प्रकार मानले आहेत. मजकूर-प्रवाहात लायब्ररी ओळीचा शेवट त्या त्या प्रणालीच्या प्रथेप्रमाणे बदलून देते, तर द्विमान प्रवाहात बाइट जसेच्या तसे ठेवते. युनिक्सवर या दोहोंत फरक पडत नाही. त्यामुळे युनिक्सवर लिहिलेल्या आज्ञावल्यांत द्विमान प्रकार सांगण्याचे राहून जाई आणि त्या एमएस-डॉसवर नेल्यावर चित्रांच्या किंवा संख्यांच्या फायली बिघडत किंवा २६ हा बाइट येताच वाचन मध्येच थांबे.

भिन्न प्रणालींना सामावून घेताना मानकाला अनेक बाबतींत मौन स्वीकारावे लागले. जीत काहीच लिहिलेले नाही अशी फाईल प्रत्यक्षात अस्तित्वात असते की नाही, द्विमान फाइलीच्या शेवटी जादा शून्य बाइट आढळतील काय, नवे नाव देताना त्या नावाची फाईल आधीच असल्यास काय घडावे, हे ठरविण्याचे काम मानकाने प्रत्येक प्रणालीवर सोपविले. निर्देशिकांचा तर मानकात उल्लेखच नाही. त्यातील फंक्शने वापरून एखाद्या निर्देशिकेत कोणत्या फायली आहेत, हे विचारता येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या आवृत्तीतही ही उणीव भरून काढलेली नाही.

निर्देशिका वाचण्याच्या सोयीचा इतिहास उद्‌बोधक आहे. आरंभीच्या युनिक्समध्ये निर्देशिका ही सामान्य फाइलीप्रमाणेच उघडून वाचता येई. तीत प्रत्येक नावासाठी १६ बाइट असत. दोन बाइट फाइलीच्या अंतर्गत क्रमांकाचे व चौदा नावाचे. ही घडण अनेक आज्ञावल्यांत गृहीत धरलेली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने १९८३ मध्ये युनिक्सची ४·२ बीएसडी ही आवृत्ती प्रसृत केली, तेव्हा नव्या फाईलव्यवस्थेत २५५ बाइटांपर्यंतची नावे शक्य झाली आणि जुनी घडण निरुपयोगी ठरली. म्हणून निर्देशिका उघडणारी व तीतील एकेक नाव देणारी फंक्शने लायब्ररीत घालण्यात आली. त्यांच्याआड घडण कशीही बदलली, तरी आज्ञावलीला बाध येत नाही. हीच फंक्शने विद्युत्‌ व इलेक्ट्रॉनीय अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पॉझिक्स या मानकात समाविष्ट झाली. तेव्हापासून सी भाषेत लिहिणाऱ्याला फाईल-व्यवहारासाठी दोन मानकांचा आधार घ्यावा लागतो. सर्व प्रणालींना लागू पडणारे भाषेचे मानक हे त्यांपैकी मर्यादित होय, तर युनिक्सच्या कुलातील प्रणालींपुरते असलेले पॉझिक्स हे अधिक विस्तृत होय.

दोष व सुधारणा : लायब्ररीतील काही फंक्शने मुळातच सदोष होती. ओळ वाचणारे ‘गेटएस’ हे फंक्शन ती ओळ ठेवण्यासाठी किती जागा उपलब्ध आहे, हे विचारतच नसे. ओळ जागेपेक्षा लांब असल्यास लगतची स्मृती पुसली जाई. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या ‘वर्म’ या उपद्रवी आज्ञावलीने इतर मार्गांबरोबर याही दोषाचा फायदा घेतला. हे फंक्शन भाषेच्या मानकातून काढून टाकण्यास मात्र २०११ साल उजाडले.

दुसऱ्या प्रकारचे दोष तपासणी व कृती यांमधील कालांतरामुळे उद्भवतात. तात्पुरत्या फाइलीसाठी न वापरलेले नाव सुचविणारे ‘टीएमपीनॅम’ हे फंक्शन याचे ठळक उदाहरण होय. नाव मिळणे व त्या नावाची फाईल उघडणे यांदरम्यान दुसरी एखादी आज्ञावली तेच नाव घेऊ शकते किंवा त्या नावाचा दुवा तयार करून लिहिणाऱ्याला भलत्याच फाइलीकडे वळवू शकते. अधिकार तपासून मग फाईल उघडणाऱ्या आज्ञावल्यांतही हाच धोका असतो. मॅट बिशप व मायकेल डिल्जर यांनी १९९६ मध्ये अशा दोषांचे पद्धतशीर विवेचन केले. यावर उपाय एकच. तो म्हणजे तपासणी व कृती ही दोन्ही गाभ्याकडून एकाच अविभाज्य विनंतीत करवून घेणे. ‘एमकेएसटेंप’ हे फंक्शन नाव ठरविणे व फाईल निर्माण करणे ही कामे अशा रीतीने एकत्र करते. २०११ च्या मानकात ‘फाईल आधीच असल्यास उघडू नये’ अशी अट घालण्याची सोय ‘एफओपन’ला देण्यात आली.

फायलींच्या वाढत्या आकारमानानेही लायब्ररीची गृहीते मोडली. स्थान सांगणारी ‘एफसीक’ व ‘एफटेल’ ही फंक्शने लांब पूर्णांक वापरीत. तो ३२ बिटांचा असलेल्या यंत्रांवर २,१४,७४,८३,६४७ बाइटांपलीकडचे स्थान सांगता येत नसे. १९९० नंतरच्या दशकात तबकड्या या मर्यादेपलीकडे वाढल्या, तेव्हा युनिक्सच्या निर्मात्यांनी एकत्र येऊन ६४ बिटांचे स्थान स्वीकारणारी पर्यायी फंक्शने ठरविली. सोळा बिटांच्या पूर्णांकामुळे उद्भवलेली जुनी अडचण अशा रीतीने वीस वर्षांनी पुन्हा सोडवावी लागली.

सर्वांत खोल प्रश्न मजकूर तबकडीवर खरोखर केव्हा पोहोचतो, हा आहे. लायब्ररीचा बफर रिता केल्यावरही मजकूर गाभ्याच्या स्वतःच्या स्मृतीत काही काळ राहतो. वीज गेल्यास तो नष्ट होतो. तो तबकडीवर नेण्याची सक्ती करणारा ‘एफसिंक’ हा सिस्टिम कॉल ४·२ बीएसडीमध्ये आला व पुढे पॉझिक्समध्ये समाविष्ट झाला. सी भाषेच्या मानकात मात्र त्याला स्थान नाही. म्हणजेच केवळ भाषेच्या मानकावर विसंबून लिहिलेल्या आज्ञावलीला ‘मजकूर सुरक्षित झाला’ अशी हमी मिळविण्याचे साधनच उपलब्ध नाही.

या उणिवेचे परिणाम २००९ च्या आरंभी दिसून आले. लिनक्स प्रणालीच्या एक्स्ट४ या नव्या फाईलव्यवस्थेत मजकुराला तबकडीवर जागा देण्याचे काम लांबणीवर टाकून वेग वाढविण्याची योजना होती. अनेक आज्ञावल्या जुनी फाईल बदलताना नवा मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहून मग तिला जुने नाव देत. परंतु ‘एफसिंक’ वापरीत नसत. आधीच्या फाईलव्यवस्थेत हे सहसा निभावून जाई. नव्या व्यवस्थेत संगणक अचानक बंद पडल्यास नवे नाव टिके, पण मजकूर नाहीसा होऊन शून्य लांबीची फाईल उरे. आज्ञावल्यांनी पॉझिक्सचे नियम पाळले नाहीत, हे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या बरोबर होते. तथापि वापरणाऱ्यांचे नुकसान लक्षात घेऊन त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात अशा प्रसंगांसाठी खास तरतूद करण्यात आली.

‘एफसिंक’ वापरूनही प्रश्न मिटत नाही, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीकोश-प्रणालीच्या संदर्भात उघडकीस आले. तबकडीवर लिहिताना चूक झाल्यास लिनक्सचा गाभा ती एकदा कळवी, पण तो मजकूर लिहिला गेला असल्याचीच नोंद स्वतःपाशी करी. त्यामुळे पुन्हा केलेली विनंती यशस्वी झाल्याचे उत्तर मिळे. अनेक वर्षे पुनर्प्रयत्नावर विसंबलेल्या या प्रणालीने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपले धोरण बदलले. आता ‘एफसिंक’ अयशस्वी होताच ती काम थांबविते व आपल्या व्यवहारनोंदींच्या आधारे माहिती पुन्हा उभी करते.

नावे व लिपी : सी लायब्ररीच्या दृष्टीने फाइलीचे नाव म्हणजे शून्य या बाइटाने संपणारी बाइटांची माळ होय. ४७ हा बाइट म्हणजे तिरपी रेघ मार्गातील विभाजक मानला जातो. बाकीच्या बाइटांना युनिक्समध्ये विशेष अर्थ नाही. रोमन लिपीबाहेरील भाषांसाठी ही गोष्ट निर्णायक ठरली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हा संकेत प्रसिद्ध केला. त्यात देवनागरी वर्ण १२८ च्या वरच्या एकेका बाइटाने दर्शविलेले असल्यामुळे जुन्या फंक्शनांना तो बाधत नसे. तथापि तेच बाइट अन्य भाषांच्या संकेतांत भिन्न वर्णांसाठी वापरले जात व कोणता संकेत योजला आहे, हे फाइलीत नोंदविलेले असेलच असे नव्हते.

जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोड या संकेताची पहिली आवृत्तीही १९९१ मध्येच निघाली. प्रत्येक वर्णाला दोन बाइट देण्याची त्याची मूळ पद्धत सी लायब्ररीशी विसंगत होती. रोमन अक्षरांतील पहिला बाइट शून्य येई व नाव तेथेच संपल्याचे मानले जाई. देवनागरीतील ‘य’ या अक्षराच्या दोन बाइटांची मूल्ये ९ व ४७ अशी आहेत. म्हणजे ‘य’ असलेले प्रत्येक नाव मध्येच दुभंगले असते. सप्टेंबर १९९२ मध्ये केनेथ टॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत सिद्ध करून ही अडचण दूर केली. तीत रोमन वर्ण पूर्वीप्रमाणे एका बाइटाचे राहतात व इतर वर्णांचे सर्व बाइट १२८ किंवा त्याहून अधिक मूल्याचे असतात. ‘य’ हे अक्षर तीत २२४, १६४ व १७५ या तीन बाइटांनी दर्शविले जाते. या पद्धतीच्या मूळ प्रस्तावाच्या नावातच ‘फाईलव्यवस्थेस सुरक्षित’ असे विशेषण होते. युनिक्समधील बाइटांच्या साध्या माळेची कल्पना मांडणाऱ्या टॉम्पसन यांनीच तिला जगातील लिप्यांशी जोडून दिले, ही बाब उल्लेखनीय आहे.

तरीही काही प्रश्न उरतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला काना व हलन्त-चिन्हे धरून दहा संकेत लागतात, म्हणजेच यूटीएफ-८ मध्ये तो तीस बाइटांचा होतो. २५५ बाइटांच्या मर्यादेत देवनागरीचे ८५ संकेतच मावतात. मराठीतील ‘ऱ्या’ या जोडाक्षरातील ‘ऱ’ हा वर्ण युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. ॲपल कंपनीने १९९८ मध्ये आणलेली एचएफएस प्लस ही फाईलव्यवस्था नावे विघटित रूपात साठवीत असे, तर लिनक्स ती दिलेल्या रूपातच ठेवते. त्यामुळे ‘दुसऱ्या’ असे नाव डोळ्यांना सारखेच दिसले, तरी बाइटांची तुलना करणाऱ्या आज्ञावलीला ती दोन निराळी नावे वाटतात.

उत्तरकालीन भाषा : सी लायब्ररीच्या उणिवा भरून काढण्याचे प्रयत्न तिच्यानंतरच्या भाषांतून झाले. जावा भाषेच्या आरंभीच्या लायब्ररीत फाईल काढून टाकण्याचे काम फसल्यास केवळ ‘नाही’ असे उत्तर मिळे. फाईल नव्हती, अधिकार नव्हता की अन्य काही अडचण होती, हे कळत नसे. २०११ मधील सातव्या आवृत्तीत आलेली नवी लायब्ररी निश्चित कारण कळविते. पायथन भाषेत २००६ पासून ठराविक रचनेत उघडलेली फाईल, मध्ये त्रुटी उद्भवली तरी, आपोआप बंद होते. २००८ मधील तिच्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर व बाइट यांत काटेकोर भेद केला आणि २०१४ मध्ये मार्ग हा केवळ अक्षरमाळ न मानता स्वतंत्र वस्तू मानणारा भाग तिच्या प्रमाण लायब्ररीत आला. सी++ भाषेच्या २०१७ च्या मानकात निर्देशिकांसह संपूर्ण फाईलव्यवस्थेचा समावेश झाला. मात्र लायब्ररीच्या वापरातून फाईलव्यवस्थेत कालांतराची स्पर्धा उद्भवल्यास काय घडेल, याची कोणतीही हमी देता येत नाही, असे ते मानक स्पष्टपणे नमूद करते.

सुरक्षिततेला प्राधान्य देणारी रस्ट ही भाषाही याला अपवाद ठरली नाही. निर्देशिका आतील सर्व फायलींसह काढून टाकणाऱ्या तिच्या प्रमाण फंक्शनमध्ये तपासणी व कृती यांमधील फट राहून गेली होती. तिचा फायदा घेऊन भलत्याच निर्देशिकेतील फायली काढविता येत. जानेवारी २०२२ मध्ये हा दोष जाहीर करून दुरुस्त करण्यात आला. स्मृतीच्या वापरातील चुका भाषा स्वतः रोखू शकते. परंतु फाईलव्यवस्था अनेक आज्ञावल्यांच्या सामाईक मालकीची असल्यामुळे तीतील बदलांवर कोणत्याही एका भाषेचे नियंत्रण चालत नाही.

वरील भाषांची फंक्शने भिन्न असली, तरी युनिक्सच्या कुलातील प्रणालींवर ती अखेरीस उघडणे, वाचणे, लिहिणे, स्थान बदलणे व बंद करणे या त्याच सिस्टिम कॉलपाशी येऊन पोहोचतात. अर्धशतकाहून अधिक काळ टिकलेली ही रचना तिच्या साधेपणामुळे उपयुक्त ठरली आहे. तथापि ‘लिहिले’ या उत्तराचा अर्थ लायब्ररीच्या बफरमध्ये, गाभ्याच्या स्मृतीत व तबकडीवर असा तीन पातळ्यांवर वेगवेगळा होतो. ज्या आज्ञावलीवर लोकांचे हिशेब, दस्तऐवज किंवा अन्य मोलाची माहिती अवलंबून असते, तिच्या कर्त्याला यांपैकी कोणती पातळी अभिप्रेत आहे, हे स्वतः ठरवावे लागते व प्रत्येक उत्तर तपासावे लागते. प्रमाण लायब्ररी त्याचे श्रम वाचविते. ही जबाबदारी मात्र ती घेत नाही.